विश्लेषण : ऊलाँग चहाने साखर, वजन खरेच कमी होते का? सातारा-सांगलीकरांना त्याचा उपयोग किती?

पोटाची चरबी जाळणारा, रक्तातील साखर उतरवणारा, हृदयाची काळजी घेणारा चहा, अशी ऊलाँग चहाची ओळख मोबाइलवर वारंवार करून दिली जाते. गावातल्या किराणा दुकानात सहसा न दिसणारी ही पत्ती आता घरबसल्या मागवता येते. सातारा आणि सांगली हे तर चहाबाज जिल्हे. पाहुणा आला की आधी चहा, मार्केट यार्डात सौदा झाला की चहा, शेतात भांगलण थांबली की चहा. त्यामुळे ‘नुसता चहा बदलून साखर उतरणार असेल, तर काय वाईट?’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. या दाव्यांमागे संशोधन किती आहे, ते कोणावर झाले आणि आपल्या दूध-साखरेच्या कपाला ते कितपत लागू पडते, याचा हा आढावा.

ऊलाँग चहा म्हणजे नेमके काय?

ग्रीन टी, काळा चहा आणि ऊलाँग ही तीन वेगळी झाडे नाहीत. तिन्ही ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झाडाच्या पानांपासून होतात. फरक असतो तो पान तोडल्यानंतरच्या प्रक्रियेत. कृष्णाकाठचे वांगे चिरून ठेवले की थोड्या वेळात काळे पडते. हवेतील ऑक्सिजनमुळे चहाच्या पानातही तसाच बदल होतो. ग्रीन टीसाठी पाने लगेच गरम करून हा बदल थांबवतात. काळ्या चहात तो पूर्ण होऊ देतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला आहे. पाने उन्हात मऊ करतात, हलवून त्यांच्या कडा किंचित दुखावतात, अर्धवट बदल झाला की उष्णता देऊन तो थांबवतात आणि मग पाने वळून वाळवतात. त्यामुळे काही ऊलाँग हिरवट आणि फुलांच्या वासाचे, तर काही तपकिरी आणि खरपूस असतात.

या चहाचे मूळ चीनच्या फुजियान प्रांतात आहे. तिथला वुयी पर्वत आणि आन्शी परगणा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पुढे तैवानने त्यात नाव कमावले. ‘वुलाँग’ या चिनी शब्दाचा अर्थ ‘काळा ड्रॅगन’. भारतात दार्जिलिंग आणि निलगिरीतील काही मळे ऊलाँग तयार करतात.

मग तो आपल्याकडे का पिकत नाही?

चहाच्या झाडाला आम्लधर्मी माती आणि वर्षभर विभागून पडणारा पाऊस मानवतो. कृष्णाकाठची काळी जमीन उसाला चांगली, चहाला नाही. महाबळेश्वरात पाऊस प्रचंड, पण तो चार महिन्यांत संपतो. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी होते आणि त्यांच्या मळ्यांची आठवण ‘चायनामन्स फॉल’ या धबधब्याच्या नावात राहिली. मात्र ते मळे भाजीपाल्याचे होते. चहा आपल्या घरात आला तो आसामच्या वाटेने. १९३०च्या दशकात तिथे पाने यंत्रात चुरून त्यांचे बारीक दाणे करण्याची सीटीसी पद्धत निघाली. हे दाणे उकळत्या दुधातही झटपट रंग आणि कडकपणा देतात. आज घराघरात आणि टपरीवर उकळतो तो बहुतेक हाच चहा.

या चहाच्या जोडीला दूध आणि साखर मात्र घरची. भिलवडी हे दुधाच्या धंद्याचे जुने गाव. साखराळे, रेठरे बुद्रुक, भुईंज आणि खुद्द सांगली ही साखर कारखान्यांची गावे. पत्ती लांबची आणि दूध-साखर दारातली, त्यामुळे आपला चहा गोड आणि दाट होत गेला. ऊलाँगचे फायदे तपासताना हे ध्यानात ठेवावे लागते. कारण ऊलाँगवरच्या प्रयोगांत सहभागींना दिला गेला तो दूध-साखर नसलेला, केवळ पाण्यातला चहा.

ऊलाँगने मधुमेह्यांची साखर उतरते का?

या दाव्याचा आधार म्हणून बहुतेक वेळा २००३मध्ये ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला तैवानमधील प्रयोग सांगितला जातो. त्यात टाइप-२ मधुमेहाचे २० रुग्ण होते. त्यांना चार आठवडे रोज दीड लिटर ऊलाँग चहा आणि आणखी चार आठवडे तेवढेच पाणी देण्यात आले. चहाच्या काळात रक्तातील साखरेची सरासरी २२९वरून १६२ मिलिग्रॅमवर आली. पाण्याच्या काळात अशी घट दिसली नाही.

आकडा मोठा आहे, पण त्यासोबतच्या तीन गोष्टी चित्रफितींत सांगितल्या जात नाहीत. पहिली, रुग्ण अवघे २० होते. दुसरी, त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या सुरूच होत्या. चहा गोळ्यांच्या जोडीला होता, गोळ्यांच्या जागी नव्हता. तिसरी, १६२ हा आकडादेखील निरोगी माणसाचा नाही.

नंतरच्या संशोधनाने चित्र आणखी धूसर केले. मधुमेह नसलेल्या प्रौढांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऊलाँगमुळे साखरेच्या चयापचयात सुधारणा आढळली नाही. त्याच वर्षी जपानमधील सुमारे पाच हजार पुरुष कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत रोज दोन किंवा अधिक कप ऊलाँग पिणाऱ्यांत पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण उलट जास्त निघाले. अशा पाहणीवरून चहामुळेच मधुमेह झाला असे म्हणता येत नाही. वजन किंवा आहाराची चिंता असलेले लोकच हा चहा जास्त पीत असतील, अशीही शक्यता असते. पण ‘ऊलाँग प्या, मधुमेह टाळा’ असे सांगण्याइतका पुरावा नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

हे महत्त्वाचे अशासाठी की देशात मधुमेहींची संख्या लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातील कोणी चहाच्या भरवशावर गोळ्या सोडल्या, तर डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसांवर होणारा परिणाम लगेच जाणवत नाही. तो जाणवतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

वजन कमी होते हे तरी खरे ना?

२००१मध्ये अमेरिकेत १२ पुरुषांवर एक प्रयोग झाला. तीन दिवस ऊलाँग प्यायल्यावर शरीराने केलेला उष्मांकांचा खर्च पाण्याच्या तुलनेत सुमारे २.९ टक्क्यांनी, म्हणजे दिवसाला अंदाजे ६७ किलो कॅलरींनी वाढला. त्याच प्रयोगात चहाऐवजी तेवढेच कॅफीन पाण्यात मिसळून दिले, तेव्हाही खर्च जवळपास तितकाच, ३.४ टक्क्यांनी वाढला. म्हणजे यात कॅफीनचा वाटा मोठा होता.

जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाने २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही १२ निरोगी पुरुष होते. दोन आठवडे ऊलाँग घेतल्यावर शरीराने ऊर्जेसाठी चरबी वापरण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढले. पण एकूण ऊर्जाखर्च वाढला नाही. ‘२० टक्के जास्त चरबी जळते’ असे मथळे अशा प्रयोगांतून येतात. चरबीचा वापर वाढणे आणि वजनकाट्यावर फरक दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजक्या निरोगी तरुण माणसांवर दोन आठवड्यांत दिसलेला बदल पन्नाशीतल्या, गुडघे दुखणाऱ्या गृहिणीला लागू होईलच असे नाही.

रक्तदाब, त्वचा आणि दातांचे काय?

रक्तदाबाबाबत तैवानमधील निरीक्षण लक्षवेधी आहे. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत आधी उच्च रक्तदाब नसलेले १,५०७ जण होते. किमान वर्षभर रोज १२० ते ५९९ मिलिलिटर ग्रीन किंवा ऊलाँग चहा पिणाऱ्यांत उच्च रक्तदाबाचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी, तर ६०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त पिणाऱ्यांत ६५ टक्क्यांनी कमी आढळला. पण हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होते. चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयींचा त्यात किती वाटा, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

त्वचेच्या इसबावर जपानमध्ये ११८ रुग्णांना ऊलाँग दिला गेला आणि महिनाभरात ६३ टक्के रुग्णांना बरे वाटले. मात्र त्यांचे नेहमीचे उपचार सुरू होते आणि तुलनेसाठी चहा न घेणारा गट नव्हता. चहातील घटक दातांवरील जिवाणूंचा थर कमी करतात, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. अर्थात, त्या चहात साखर पडली की दातांचा हा फायदा राहत नाही.

ऊलाँगमध्ये दूध घातले तर चालेल का?

चवीच्या दृष्टीने ऊलाँगचा सुगंध दुधात हरवतो. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर दुधातील केसीन हे प्रथिन चहातील कॅटेचिन या घटकांना चिकटते. बर्लिनमधील शारिटे रुग्णालयाच्या संशोधकांनी २००७मध्ये १६ महिलांवर काळ्या चहाचा प्रयोग केला. साध्या चहाने रक्तवाहिन्या सैल होण्याचा परिणाम दिसला, दूध घातल्यावर तो दिसेनासा झाला. दुसऱ्या काही अभ्यासांत दुधाने मोठा फरक पडलेला नाही. त्यामुळे दुधाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. अनेक घरांत चहाच्या निमित्तानेच दूध पोटात जाते, हेही खरे. पण ऊलाँगचे जे काही गुण प्रयोगांत दिसले, ते बिनदुधाच्या चहात दिसले. दूध-साखर घालून तो उकळला तर महागडी पत्ती वाया जाते, एवढेच.

आपल्या कपातील साखरेचा हिशेब काय सांगतो?

एक चमचा साखर म्हणजे साधारण पाच ग्रॅम आणि २० किलो कॅलरी. घरच्या कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप धरले, तर ५० ग्रॅम साखर आणि २०० किलो कॅलरी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेल्या साखरेतून दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मिळावी. दोन हजार किलो कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. तीही निम्म्यावर, म्हणजे २५ ग्रॅमवर आणता आली तर अधिक चांगले, असे संघटना सांगते. म्हणजे पेढा, बिस्कीट, शीतपेय काही न खाता-पिता केवळ चहातच मर्यादा संपली.

आता वरच्या प्रयोगातील ६७ किलो कॅलरी आठवाव्यात. त्या साधारण साडेतीन चमचे साखरेइतक्या आहेत. म्हणजे दिवसभर ऊलाँग पिऊन जेवढा ऊर्जाखर्च वाढेल, त्याहून जास्त फायदा नेहमीच्याच पाच कपांत प्रत्येकी एक चमचा साखर कमी केल्याने होतो. त्यातून १०० किलो कॅलरी वाचतात आणि त्यासाठी वेगळी पत्ती विकत घ्यावी लागत नाही.

गुळाचा चहा किंवा गवती चहा हा पर्याय आहे का?

महामार्गावर आणि शहरांत ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या दिसतात. मधुमेहींना तो चालतो, असा समजही आहे. गुळात थोडी खनिजे असतात. पण त्याचा मोठा भाग साखरच असतो. चहात पडणाऱ्या गुळाच्या खड्यातून मिळणारी खनिजे किरकोळ, रक्तातील साखर मात्र वाढतेच. चव आवडते म्हणून प्यावा, औषध म्हणून नाही.

गवती चहा हे वेगळे गवत आहे. त्यात कॅफीन नसते. नेहमीच्या पत्तीशिवाय, फक्त गवती चहा, आले आणि पाणी उकळून घेतले, तर रात्री झोप न येणाऱ्यांना तो बरा पर्याय ठरतो. पण ऊलाँगवर झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष त्याला लागू होत नाहीत.

जेवणासोबतच्या चहाबद्दल तज्ज्ञ इशारा का देतात?

ऊलाँग असो की टपरीवरचा कडक चहा, हा मुद्दा दोन्हींना लागू आहे. चहातील टॅनिन अन्नातील लोह बांधून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते. शाकाहारी जेवणातील लोहावर हा परिणाम अधिक होतो. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे.

आपल्याकडे सकाळी चहा-चपाती, घाईच्या वेळी चहा-भाकरी आणि जेवण झाले की लगेच अर्धा कप, ही जुनी सवय. माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यातील बाजरीत लोह चांगले असते, पण भाकरी चहात बुडवून खाल्ली की त्यातील बराच फायदा हातचा जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. दोघींमागे एकीचे रक्त कमी असलेल्या राज्यात चहाची वेळ ही किरकोळ बाब राहत नाही. भाकरीसोबत पालेभाजी, वर लिंबाची फोड आणि चहा तासाभराने, हा बदल बिनखर्चाचा आहे. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्याही चहासोबत घेऊ नयेत.

ऊलाँग कोणी सांभाळून प्यावा?

राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार चहाच्या एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसभरात ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी. ऊलाँगही त्याच घरात येतो. दिवसाचे पाच दूध-चहा तसेच ठेवून वर तीन-चार कप ऊलाँग वाढवले, तर छातीत धडधड, झोप उडणे, आम्लपित्त यांचा त्रास होऊ शकतो.

गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या माता, हृदयाचे ठोके अनियमित असणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि रक्तक्षय असणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबतच घ्यावी, चहासोबत नाही. मधुमेहींनी ऊलाँग सुरू केला तरी गोळ्या आणि तपासण्या चालू ठेवाव्यात. साखर खरोखर उतरली, तर डोस कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा.

चहाच्या अर्काच्या कॅप्सूलबाबत तर अधिक सावध राहावे. कपातला चहा आणि दाट केलेला अर्क यांत फरक आहे. ग्रीन टीच्या अर्कातून ईजीसीजी हा घटक रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे दिसू शकतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये नोंदवला आहे.

प्यायचाच असेल तर करायचा कसा?

एका कपाला साधारण तीन ग्रॅम, म्हणजे चमचाभर पाने पुरतात. पाणी उकळून गॅस बंद करावा, मिनिटभर थांबून ते पानांवर ओतावे आणि दोन-तीन मिनिटे झाकून ठेवावे. पाने पाण्यासोबत उकळू नयेत, चहा कडू होतो. तीच पाने पुन्हा तीन-चार वेळा वापरता येतात, त्यामुळे पाकीट महाग वाटले तरी प्रत्यक्ष कपाचा खर्च कमी होतो. चहा चटका बसेल इतका गरम पिऊ नये. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये म्हटले आहे. हे बशीत न ओतता चहा घोटणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

मग ऊलाँग घ्यावा की नाही?

चव आवडत असेल तर जरूर घ्यावा. दिवसातील दोन गोड चहांच्या जागी दोन कप बिनसाखरेचा ऊलाँग आला, तर चार चमचे साखर वाचते आणि फायद्याचा मोठा भाग तिथेच मिळतो. पण परवडत नसेल, आवडत नसेल, तर काही हुकल्याची हळहळ नको. नेहमीच्याच पत्तीचा बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहाही त्याच झाडाचा आहे.

कोरा चहा घशाखाली उतरत नसेल, तर साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जावी, जीभ हळूहळू सरावते. पाहुण्याला चहा टाकताना ‘साखर किती?’ हे आधी विचारावे. कप कमी करणे जमत नसेल, तर कपाचा आकार लहान करावा. आणि जेवणाचे ताट व चहाचा कप यांच्यात तासाभराचे अंतर ठेवावे. यातील एकाही गोष्टीला लांबून पाकीट मागवावे लागत नाही.